३८ मिनिटांचा घोळ: मोटरसायकलवाल्या मित्रांसोबत स्कूटरवरून रॅलीला जाताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते दिसेल. तुमच्याकडे १२५ सीसीची ऑटोमॅटिक स्कूटर आहे, एरवी कामावर जायला वापरता. चार मित्रांकडे ३५० ते ५०० सीसीच्या मोटरसायकली आहेत. शनिवारी सकाळी निघून २२० किलोमीटरवरच्या रॅलीला जायचं, रात्री तंबूत मुक्काम, रविवारी परत. माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल का, व्हेरिएटरचे (गिअरऐवजी आपोआप वेग जुळवणाऱ्या पुलीतले) रोलर बदलून घेऊ का, की कुणाची मोटरसायकल मागून नेऊ, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी, जरा संकोचूनच: 'की मी एकटाच आधी निघू?'

मी दोन्ही चालवतो. गेली वीसेक वर्षं शनिवार-रविवार सापडला की कुठल्या ना कुठल्या रॅलीला जाणं चालू आहे, आणि हल्ली बहुतेक वेळा घोळक्याच्या शेवटी. मागे राहून सगळ्यांना गोळा करत आणायचं काम कधीतरी माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. त्यामुळे या विषयावर बोलायला लागलो की मी लवकर थांबत नाही, एवढं सांभाळून घ्या.

एक गृहीत धरतोय: तुमची रॅली म्हणजे मेळावा. लोक गाड्या घेऊन जमतात, एकमेकांच्या गाड्यांभोवती फिरतात, गप्पा मारतात, झोपतात, परततात. टीएसडी म्हणजे वेळ-वेग-अंतराची रॅली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आयोजकांनी ठरवून दिलेला सरासरी वेग पाळायचा असतो, आणि तपासणी नाक्यावर उशिरा पोचलात तर दंड, लवकर पोचलात तरी दंड. तशा दोन-तीन रॅली मी केल्या आणि सपशेल आपटलो. पण सरासरी वेग ही किती फसवी गोष्ट असते ते मला तिथे कळलं, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

हिशोब करून बघू. तुमची स्कूटर जोर लावला तर ९० च्या आसपास जात असेल, पण तासन् तास तिला तिथे ताणून धरायचं नसतं. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ६५ ला ती न कुरकुरता चालेल. मित्र ८० ने जातील असं धरू. २२० किलोमीटरला त्यांना २ तास ४५ मिनिटं लागतील, तुम्हाला ३ तास २३ मिनिटं. फरक ३८ मिनिटांचा. रस्त्यात वस्ती, चौक, खराब पट्टे आले की सगळेच ४० ने चालतात, त्यामुळे प्रत्यक्षात तो याहून कमीच भरतो. ज्या गोष्टीची तुम्हाला आठवडाभर धास्ती वाटतेय ती एवढीशी आहे.

आता थांब्यांकडे बघा. पाच जण निघाले की एकाला पेट्रोल हवं असतं, दुसऱ्याला अर्ध्या तासाने फोन घ्यायचा असतो, तिसऱ्याच्या बॅगेचा पट्टा सैल होतो. एक थांबला की पाचही थांबतात. हेल्मेट निघतं, हातमोजे निघतात, कुणीतरी फोटो काढतो, आणि 'पाच मिनिटं' म्हणता म्हणता २० मिनिटं जातात. असे दोन थांबे ठरवल्याबाहेर झाले की तुमची ३८ मिनिटं संपली, आणि त्यात स्कूटरचा काही दोष नाही.

अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशन या लांब पल्ला मारणाऱ्यांच्या संघटनेची 'सॅडलसोअर १०००' नावाची एक राइड आहे: २४ तासांत १००० मैल, म्हणजे १६०९ किलोमीटर. ऐकायला राक्षसी वाटतं, पण भागाकार केला तर थांबे धरून सरासरी ताशी ६७ किलोमीटर येते. ती स्कूटरवरूनही पार पडलेली आहे. हे लोक वेळ वाचवतात तो मुख्यतः पेट्रोल पंपावर आणि इतर थांब्यांवर. तुम्ही तसलं काही करा असं मी मुळीच म्हणत नाही, मी स्वतःही केलेलं नाही. फक्त गणित कुठे बसतं ते दाखवतोय.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशीच मित्रांसोबत थांबे ठरवून टाका. २२० चे चार तुकडे करा, ५५-५५ किलोमीटरचे. प्रत्येक तुकड्याला तुम्हाला ५१ मिनिटं, त्यांना ४१. ते पुढे निघून गेले तरी थांब्यावर तुमची १० मिनिटं वाट बघतील, आणि तेवढं तर माणूस अंग मोकळं करायलाही थांबतो. पेट्रोल मधल्या थांब्यावर, ११० किलोमीटरला, सगळ्यांनी एकदमच भरायचं, लागो न लागो. स्कूटरची टाकी पाच-सहा लिटरची. सामान लादून ६५ ने चालवलीत तर लिटरला ४० धरून चाला. म्हणजे कागदावर पेट्रोल जेमतेम पोचण्यापुरतं, टाकी पाचच लिटरची असेल तर तेवढंही नाही, आणि कागदावर कुणी ढकलत नेत नाही.

थांब्यांचा एक नियम मात्र आधी बोलून घ्या, कारण तो कुणाच्या लक्षात येत नाही. पुढे गेलेले १० मिनिटं आधी पोचतात, बसतात, ताजेतवाने होतात. मग तुम्ही येता, हेल्मेट काढता, आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणतो, 'चला, आलाच हा, निघू या!' त्यात वाईट हेतू नसतो, त्यांची विश्रांती झालेली असते इतकंच. पण परिणाम असा होतो की सगळ्यात जास्त दमलेल्या माणसाला सगळ्यात कमी विश्रांती मिळते, आणि तिसऱ्या थांब्यापर्यंत तो पुरता पिळून निघतो. आमच्या घोळक्यात आता ठरलेलं आहे: शेवटचं इंजिन बंद झाल्यावर थांब्याचं घड्याळ सुरू होतं. १५ मिनिटं म्हणजे शेवटच्याची १५ मिनिटं. हे स्कूटरवाल्याने मागायचं नसतं, मोटरसायकलवाल्यांनी आपणहून करायचं असतं. पण नवीन लोकांना सांगावं लागतं, म्हणून सांगून टाका.

उशीर झाल्याने रॅली बुडत नाही. खरी भीती वेगळीच आहे: उशीर होऊ नये म्हणून तुम्ही काय काय कराल, त्याची.

माझाच किस्सा सांगतो. सहा जण निघालो होतो, मी स्कूटरवर, सहावा. पुढचा माणूस सरळ रस्त्याला ७० ने चालला होता, अगदी सभ्य वेग. वळण आलं की तो ५० वर यायचा, वळण संपलं की पुन्हा ७०. दुसरा त्याला गाठायला ७५ करायचा, तिसरा ८०. शेवटी मी, मूठ पूर्ण पिळून, ९० ला, आणि तरी समोरचा दिवा लहान लहान होत चाललेला. घोळक्याचं असंच होतं. रबराची पट्टी ताणावी तशी ओळ ताणते आणि आखडते, आणि सगळ्यात जास्त झटके शेपटाला बसतात. म्हणून सर्वांत हळू गाडी शेवटी ठेवणं ही सर्वांत मोठी चूक, आणि बहुतेक घोळके तीच करतात, कारण 'तू ये आरामात मागून' हे म्हणायला प्रेमळ वाटतं.

तर त्या दिवशी माझ्या पुढच्या मित्राने एका ट्रकला ओव्हरटेक केलं. मी त्याच्या मागोमाग बाहेर काढली. समोर बघितलंच नाही, तो गेला म्हणजे रस्ता मोकळा असणार! ट्रकच्या मध्यावर होतो तेव्हा समोरून गाडी आली. मागे सरकायलाही वेळ नव्हता. ट्रकवाल्याने ब्रेक मारला आणि मला पुढे घुसायला जागा करून दिली. त्याचा चेहरा मी पाहिलाही नाही.

नंतर घरी येऊन मी ते गणित कागदावर मांडलं, आणि ते आजही नवीन माणसांना मांडून दाखवतो. ट्रक ६० ने चाललाय. त्याची लांबी आणि मागचं-पुढचं अंतर मिळून तुम्हाला त्याच्यापेक्षा साधारण ५० मीटर जास्त कापायचे आहेत. तुम्ही ७५ ने निघालात तर फरक ताशी १५ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम चार मीटर. १२ सेकंद लागतात. त्या १२ सेकंदांत तुम्ही २५० मीटर जाता आणि समोरून ८० ने येणारा माणूस २६५ मीटर. म्हणजे पाचशेहून जास्त मीटर रस्ता डोळ्यांना रिकामा दिसला पाहिजे, आणि वर थोडा राखीव. तुमचा मित्र तेच काम ९५ ने पाच सेकंदांत उरकतो. त्याला अडीचशे मीटर पुरतात. त्याला दिसलेली मोकळी जागा त्याची असते, तुमची नसते. प्रत्येकाने आपलं ओव्हरटेक आपण ठरवायचं. पुढच्याने हात हलवून 'ये, ये' म्हटलं तरी जायचं नाही. आमच्यात तर तसा हात करणाऱ्यालाच बोलणी बसतात.

मग ओळ कशी लावायची? मोठ्या सरळ रस्त्यावर तुम्ही दुसरे. सगळ्यात पुढे रस्ता माहीत असलेला, शांत डोक्याचा मित्र. त्याने आरशात तुम्हाला बघत चालायचं आणि तुमचा ६५ हाच घोळक्याचा ६५. मागचे तिघे तुमच्या मागे. सर्वांत शेवटी सर्वांत अनुभवी माणूस. पुढचा नुसता रस्ता दाखवत असतो, मागच्याला माणसं सांभाळायची असतात. रांग तिरकी ठेवायची: एक लेनच्या डाव्या अंगाला, पुढचा उजव्या अंगाला, तिरक्यातल्या गाडीपासून एक सेकंद, थेट समोरच्या गाडीपासून दोन. ६५ ला दोन सेकंद म्हणजे ३६ मीटर, आणि ते वाटतात त्याहून खूप लांब असतात. खांब मोजून बघा एकदा. वळणांवर, खराब रस्त्यावर, पावसात एकाच ओळीत यायचं. शेजारी-शेजारी, गप्पा मारत, कधीच नाही.

हे मोठ्या रस्त्याचं. डोंगराळ, वळणांच्या रस्त्यावर मोटरसायकलवाल्यांना ६५ ला, खरं तर ४५ ला, बांधून ठेवलं की ते कंटाळतात. कंटाळलेला माणूस तुमच्या मागच्या चाकाला नाक लावून चालतो आणि मग भलतीकडे ओव्हरटेक करतो. तिथे मी वेगळी पद्धत वापरतो. सगळे आपापल्या वेगाने सुटतात. जिथे रस्ता फुटतो तिथे पुढच्याच्या मागे असलेला दुसरा माणूस सुरक्षित कडेला थांबतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला वळायची दिशा दाखवतो. शेवटचा माणूस आला की तो त्याच्या पुढे लागतो. पुढचा फाटा आला की आता जो दुसरा असेल तो थांबतो. अशी ओळ आपोआप फिरत राहते, कुणी चुकत नाही आणि कुणाला कुणाचा पाठलाग करावा लागत नाही. तुम्ही शेवटच्या माणसाच्या पुढे निवांत चालायचं. ही पद्धत एकाच कारणाने फसते: फाट्यावर थांबलेल्याला वाटतं सगळे गेले, आणि तो निघतो. म्हणून शेवटच्या माणसाने लांबून ओळखू येईल असं भडक जॅकेट घालायचं, आणि तो दिसेपर्यंत जागा सोडायची नाही, तास झाला तरी.

दोन्हींपैकी कुठली पद्धत, हे रस्त्यावर जेवढं अवलंबून आहे तेवढंच मित्रांवर. तुमचे मित्र मला माहीत नाहीत. कुणी दर फाट्यावर थांबायला कुरकुरणारा असेल तर त्याला सोबत नेऊ नका म्हणणार नाही, पण त्याला पुढे पाठवून द्या आणि उरलेले चौघे मिळून चाला. पाच जणांचा घोळका तसा सुटसुटीत. सात-आठच्या वर गेलात तर दोन तुकड्या करा.

कुणी मागे राहिलं, दिसेनासं झालं, तर सगळ्यांनी यू-टर्न घ्यायचा नाही. पुढच्या ठरलेल्या थांब्यावर जायचं, २० मिनिटं बघायचं, मग एकानेच मागे जायचं. आणि वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर कुणीही, कशासाठीही थांबायचं नाही.

तर इथपर्यंत: थांबे आधी ठरवायचे, घड्याळ शेवटच्याचं, तुम्ही दुसरे किंवा मग मोकळे, ओव्हरटेक ज्याचं त्याने. आता गाडीकडे येऊ.

स्कूटरला लोक हसतात ते वेगासाठी, पण लांबच्या रस्त्यावर तिचा खरा तोटा चाकांत आहे. तुमची चाकं १० किंवा १२ इंची, मित्रांची १७ ते १९. ज्या खड्ड्यावरून त्यांचं चाक तरंगत जातं त्यात तुमचं चाक उतरतं. शिवाय ऑटोमॅटिक स्कूटरमध्ये इंजिन आणि ट्रान्समिशन मागच्या चाकासोबतच वरखाली होतं, त्यामुळे मागचा धक्का जड बसतो. पुढच्या मोटरसायकलच्या मागे चिकटून चाललात तर खड्डा दिसतो तेव्हा तुम्ही त्यात असता. म्हणून मी वर दोन सेकंद म्हटलं तरी स्कूटरवाल्याला तीन सेकंद ठेवायला सांगतो.

सामानाचंही याच्याशी नातं आहे. स्कूटरचं वजन मुळातच मागे असतं. मागच्या कॅरियरवर, चाकाच्या आसाच्याही मागे, तंबू आणि बॅग बांधलीत की पुढचं चाक हलकं होतं आणि ६० च्या पुढे हँडल हातात पोहायला लागतं. जड वस्तू सीटखाली आणि पायांपाशी फूटबोर्डवर ठेवा. तिथे वजन खाली आणि मध्यावर बसतं. पण दोन्ही पाय सपाट टेकायला जागा राहिली पाहिजे. मागे फक्त हलकं: झोपायची पिशवी, कपडे. आकडेवाल्या रबरी दोऱ्यांपेक्षा सपाट पट्टे बरे. तो आकडा सुटून उलटा आला की डोळाच शोधतो. आणि बांधल्यावर घराभोवती एक फेरी मारून पुन्हा घट्ट करा, कारण पहिल्या दहा किलोमीटरात सगळं बसतं आणि ढिलं होतं.

उतारावर ऑटोमॅटिक स्कूटर एक खोडी काढते. मूठ पूर्ण सोडली आणि वेग एका मर्यादेखाली आला की आतला क्लच सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळायला लागते. इंजिन जे थोडंफार धरून ठेवत होतं तेही जातं, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मागे ड्रम ब्रेक असेल तर लांब उतारावर तो तापतो आणि धरेनासा होतो. उपाय दोन. हलकेच जराशी मूठ देऊन क्लच पुन्हा धरवायचा, मग सोडायची. आणि ब्रेक सतत घासत न ठेवता नीट दाबून वेग उतरवायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, म्हणजे मधल्या वेळात तो निवतो. सरळ पट्ट्यावर, वळणाच्या आधी.

हे लिहिताना जुन्या गिअरच्या टू-स्ट्रोक स्कूटर आठवल्या, कारण रॅलीत त्या हमखास भेटतात. व्हेस्पा १९४६ ला आली, लँब्रेटा १९४७ ला, आणि त्यांच्या वंशावळीवर जीव टाकणारी माणसं अजून आहेत. ज्यांच्यात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं त्यांचं उतारावरचं दुखणं वेगळं आहे: मूठ बंद म्हणजे पेट्रोल बंद, पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. लांब उतारावर गिअरमध्ये मूठ बंद ठेवून उतरलात तर पिस्टन जाम होऊ शकतो. माझ्यासमोर एका मित्राचा झाला. मागचं चाक लॉक होऊन गाडी आडवी जायला लागली होती, पण त्याची दोन बोटं सवयीने क्लचवर होती, त्याने झटकन क्लच दाबला आणि कडेला आणली. अर्धा तास थंड होऊ दिली, किक मारली, सुरू! असा कुणी तुमच्यासोबत येणार असेल तर त्याला उतारावर घाई करू देऊ नका, आणि त्याच्याकडे क्लचची जादा केबल व स्पार्क प्लग आहे का ते विचारा.

आता रोलर. नका बदलू. हलके रोलर टाकले की इंजिन जास्त फेऱ्यांवर धावतं, पिकअप चुरचुरीत वाटतं, पण सर्वोच्च वेगात हाती फारसं काही लागत नाही आणि पेट्रोल जास्त जातं. जड टाकले तर चढाला गाडी धापा टाकते. मुळात तुमची गरज ३८ मिनिटं कमी करायची नाहीच. त्याऐवजी मेकॅनिककडून व्हेरिएटरचं झाकण उघडून बेल्ट बघून घ्या: चिरा, झिज, कडा विरलेल्या. पुस्तिकेत दिलेलं बदलायचं अंतर जवळ आलं असेल तर आत्ताच बदला. मूठ तेवढीच असताना वेग पूर्वीपेक्षा कमी भरतो, निघताना थरथरते, अशी लक्षणं असतील तर वाट बघू नका. शहरात बेल्ट तुटला तर रिक्षा मिळते; आडरानात तुटला तर पाचही गाड्यांचा शनिवार संपला. काहीही नवीन, मग तो बेल्ट असो की टायर की हेल्मेट, निघायच्या आधी किमान शंभर किलोमीटर वापरलेलं असावं.

टायरमधली हवा सकाळी गाडी थंड असताना, पुस्तिकेतल्या आकड्यानुसार. सामान किंवा मागे माणूस असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो घ्या. ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चरच्या वाती आणि छोटा पंप तुमच्याकडेच ठेवा, आणि घरी एकदा वापरून बघा.

मागून आणलेल्या मोटरसायकलबद्दल माझं मत ठाम आहे, आणि कारण साधं आहे. तुमच्या स्कूटरला डावी कळ म्हणजे ब्रेक. मोटरसायकलला डावी कळ म्हणजे क्लच. समोर अचानक काही आलं की तुमचा डावा हात वर्षानुवर्षांच्या सवयीने ती कळ करकचून आवळणार, आणि मोटरसायकल थांबायच्या ऐवजी इंजिनापासून सुटून मोकळी धावणार. ही सवय दोन दिवसांत जात नाही. महिना-दोन महिने रोज चालवणार असाल तर पुढच्या रॅलीला जरूर न्या.

अंगावरच्या गोष्टी तुम्हाला माहीत असतीलच, दोनच सांगतो. थंडीत हवा १० अंश असेल आणि तुम्ही ८० ने चालला असाल तर उघड्या कातडीला सुमारे ४ अंश जाणवतात. ६५ लाही फार फरक नाही. बोटं गारठली की ब्रेक उशिरा लागतो, म्हणून हातमोज्यांवर कंजुषी नको. उलट उन्हात वारा घाम सुकवत राहतो आणि घाम येतोय हेच कळत नाही. तहान लागायची वाट न बघता प्रत्येक थांब्यावर पाणी प्या.

पोचल्यावर गाडी लावताना जमीन बघा. गवतात किंवा भुसभुशीत मातीत स्टँड रुततो आणि रात्रीतून गाडी कलंडते, बहुधा शेजारच्यावर. स्टँडखाली लाकडाची फळी किंवा एखादा सपाट झाकणाचा तुकडा ठेवला की भागतं. मी तो सीटखाली कायम ठेवतो आणि दर रॅलीत कुणीतरी तो मागतं.

रात्रीबद्दल उपदेश करायची माझी लायकी नाही, पण एक आकडा सांगतो. मोटरसायकल अपघातांचा सर्वांत गाजलेला अभ्यास, १९८१ चा हर्ट अहवाल, लॉस एंजेलिस भागातल्या ९०० अपघातांची जागेवर जाऊन केलेली तपासणी होती. जीव गेलेल्या अपघातांपैकी जवळजवळ निम्म्यांत दारू होती. रॅलीत पिऊन कुणी त्याच रात्री निघत नाही हे खरं, पण शरीर ती तासाला साधारण एका लहान पेगच्या हिशोबाने काढतं. कॉफी, आंघोळ, झोप यांनी तो हिशोब बदलत नाही. दोन वाजेपर्यंत बसलात तर सकाळी आठचा माणूस अजून कालचाच असतो.

रविवार हा शनिवारपेक्षा अवघड असतो. झोप अपुरी, उत्साह संपलेला, सोमवार डोक्यात. मी पाहिलेल्या फजित्या बहुतेक परतीच्या शेवटच्या ५० किलोमीटरात झालेल्या आहेत, जिथे रस्ता ओळखीचा होतो आणि माणूस ढिला पडतो. स्कूटरचा हेडलाइट मोटरसायकलपेक्षा बहुधा मिणमिणता. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं असं गृहीत धरून निघायची वेळ उलट मोजत या. मित्रांना दुपारपर्यंत थांबायचं असेल तर त्यांना थांबू द्या, तुम्ही निघा. परतीला एकत्र असण्याची सक्ती आमच्यात आता उरलेली नाही.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, जो तुम्ही संकोचून विचारलात: एकटाच आधी निघू का? मला तो तुमच्या सगळ्या प्रश्नांत शहाणा वाटला. त्यात कमीपणा काहीच नाही; स्कूटर घेऊन जातो तेव्हा मी हेच करतो. आणखी एक गोष्ट: तुम्ही घोळक्याच्या शेपटाला असाल तर तुमच्या मागे कुणीच नसतं, पंक्चर झालं तर पुढच्यांना अर्ध्या तासाने कळतं. आधी निघालात तर चारही मित्र तुमच्या मागून येत असतात. अडलात तर ते तुमच्यावर येऊन थांबतील. अट एकच, रस्ता तोच धरायचा, मधेच 'हा जवळचा दिसतोय' म्हणून वळायचं नाही.

अर्धा तास आधी निघा. पहिला थांबा तुम्ही तुमचा घ्या, ते त्यांचा घेतील. ११० किलोमीटरच्या पेट्रोलच्या थांब्यावर तुम्ही त्यांच्या १० मिनिटं आधी पोचलेले असाल. टाकी भरून, हेल्मेट काढून, सावलीत बसलेले. यावेळी थांब्याचं घड्याळ त्यांचं. १५ मिनिटं एकत्र बसा, मग त्यांच्या दहा मिनिटं आधी उठा. १६५ च्या थांब्यावर ते तुमच्या मागोमाग येतील. तिथून सात-आठ मिनिटं आधी निघा, आणि रॅलीच्या दहा-पंधरा किलोमीटर अलीकडे आरशात चार दिवे दिसायला लागतील. त्यांना आधीच सांगून ठेवा की तिथून पुढे कुणी तुम्हाला ओलांडायचं नाही.